तालीम आणि शाळा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीची पाळी संपवून घरी परतणाऱ्या बापास मुलाच्या हाती पुस्तक असावे असे वाटते, आणि मुलाचा जीव मैदानात गुंतलेला असतो. खेळापायी अभ्यास बुडतो, अशी तक्रार पुष्कळ आईबाप आम्हांपाशी करितात. महोत्सवाच्या या वर्षी तिचे उत्तर आपल्याच करवीरभूमीच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटले.

राजर्षी शाहू छत्रपतींनी तालीम व शाळा यांस एकमेकींच्या सवती मानिले नाही. इ. स. 1901 मध्ये त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह निघाले व पुढे इतर जातिधर्मांच्या मुलांचीही सोय झाली. 1912 मध्ये खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले, आणि 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरले. एकाच राजाने पैलवानासही पोसले व विद्यार्थ्यासही.

कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याच परंपरेतील होत. वडील स्वतः मल्ल. तथापि मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा क्रमांक सहावा लागला. तेथे तांबडी माती नव्हती, गादी होती. नियमही निराळे होते. म्हणजे कुस्तीचाही नव्याने अभ्यास करणे आले. तो त्यांनी केला, आणि 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

या यशामागील एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. हेलसिंकीच्या प्रवासास पैसा अपुरा पडला, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. ज्यांचे आयुष्य ग्रंथांत गेले, त्यांनी घर गहाण टाकिले ते एका पैलवानासाठी!

परंतु पदकाने जन्माची भाकरी मिळत नाही. 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पंचनामा लिहावयास नुसते दंडाचे बळ पुरत नाही. तेथे शाळेत गिरविलेली अक्षरेच कामास येतात.

पुढे 72 वर्षांनी, 2024 साली, याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्यांचे वडील शिक्षक. 2009 साली त्यांनीच मुलास शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत घातले.

यावरून आम्हांस दिसते ते इतकेच : खेळ व विद्या यांचा समतोल एकट्या मुलाने सांभाळावयाचा नसतो, त्याचा भार वडीलधाऱ्यांनी उचलावयाचा असतो. अभ्यासाची वेळ आईबापांनी नेमून द्यावी व खेळाची वेळ हिरावून घेऊ नये. सामन्यामुळे बुडालेला पाठ शिक्षकांनी पुन्हा समजावून द्यावा. मुलीसही मुलाइतकेच मैदान मोकळे असावे. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला दिला, तो त्याच्या संयमासाठी. तो संयम मुलाने शिकावा, अशी इच्छा असेल, तर प्रथम तो आपल्या घरात दिसला पाहिजे. आमच्या वसाहतीतून पदकवीर निघो अथवा न निघो. धड शरीराची व जाणत्या बुद्धीची मुले निघाली, म्हणजे पावले.