एक लाइन, एक पोर्ट: धुळ्यापासून यूएसबीपर्यंत

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. मोबाइलच्या खालच्या बाजूला बघा, भोक एकच. चार्जिंग त्यातून, पेनड्राइव्ह त्यातूनच. नव्या लॅपटॉपचंही तसंच, पोर्ट दोन नाहीतर तीन. मग माउस, प्रिंटर, हार्ड डिस्क लावायची कुठे?

हा प्रश्न खानदेशाला जुना आहे बरं का! नकाशा उघडा. मुंबईहून येणारी रेल्वेची मुख्य लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाते. धुळे या लाइनवर नाही. १९०० साली चाळीसगाव ते धुळे असा फाटा सुरू झाला आणि धुळ्याला रेल्वे मिळाली. म्हणजे धुळे हे एका पोर्टचं गाव, आणि चाळीसगाव त्याचा हब.

आता पाचोऱ्याला या. तिथून जामनेरला जाणारी जुनी लाइन नॅरोगेज होती, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. शेजारच्या मुख्य लाइनचं १६७६. एकाच स्टेशनात दोन्ही गाड्या असायच्या, पण इकडचा डबा तिकडे चालायचा नाही. माल उतरवा, पुन्हा चढवा. गेज जुळत नसेल तर जोडणीला मेहनत पडते, एवढं लक्षात ठेवा.

१९९०च्या सुमाराचा कॉम्प्युटर हा असाच वेगवेगळ्या गेजचा कारभार होता. प्रिंटरला २५ पिनांचा रुंद पॅरलल पोर्ट, मोडेमला सीरियल, कीबोर्डला गोल, जॉयस्टिकला आणखी वेगळा. नवीन काही बसवायचं तर बऱ्याचदा डबा उघडून कार्ड लावा, सेटिंग करा, मशीन पुन्हा सुरू करा.

यावर इंटेल कंपनीत काम करणाऱ्या अजय भट्ट यांनी विचार सुरू केला. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. घरच्या माणसालाही सहज जमेल अशी एकच जोडणी का नसावी, हा त्यांचा प्रश्न. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. १९९८च्या आयमॅकने जुने पोर्ट काढून टाकले आणि यूएसबी ठेवला, तेव्हा यूएसबीची उपकरणं बनवणाऱ्यांना जोर आला.

खरी गंमत हबमध्ये आहे. यूएसबीत प्रत्येक उपकरणाला ७ बिटांचा पत्ता मिळतो. ७ बिटांत १२८ आकडे बसतात. शून्य हा नव्याने जोडलेल्या उपकरणासाठी राखीव, म्हणून उरले १२७. कागदोपत्री एका यूएसबी कंट्रोलरमागे हब धरून १२७ उपकरणं चालतात!

मग चार तोंडांच्या स्वस्त हबला हार्ड डिस्क लावली की ती टक-टक करून बंद का पडते? कारण पत्ते भरपूर असले तरी वीज मोजकीच. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब त्यातूनच पुढच्या प्रत्येक तोंडाला नियमाने १०० देतो. माउसला तेवढे पुरतात. पण हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरवायची असते, तिला सुरू होतानाच जास्त वीज लागते. वेगही वाटून जातो. फाटा एकच असला की गाड्यांना आळीपाळीनेच जावं लागतं, तसं.

इथे नुकसान खरं होतं. लग्नाचं शूटिंग किंवा प्रोजेक्टचं वर्षभराचं काम कॉपी होत असताना वीज कमी पडली, की फाइल अर्धवट राहते. कधी पूर्ण डिस्कच उघडत नाही. म्हणून हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला लावा, माउस-कीबोर्ड हबवर जाऊ द्या. डिस्क हबवरच लावायची असेल तर अडॅप्टरवाला हब घ्या. आणि काढण्याआधी ‘इजेक्ट’ करा. स्क्रीनवर कॉपी संपलेली दिसली तरी काही डेटा मेमरीत थांबलेला असू शकतो.

आता २०१४मध्ये आलेला टाइप-सी. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर, सगळ्यांना एकच तोंड. युरोपने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या मोबाइलना तो सक्तीचा केला. पण सी हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. तोंड सी असूनही काही केबल २००० सालच्या यूएसबी २.०च्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटने चालतात. गेज एक झालं म्हणून प्रत्येक रुळावर राजधानी धावत नाही!

तेव्हा केबल घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: डेटाचा वेग किती, आणि वॅट किती? भेटू पुढच्या भागात.