पुहपुत्रातलं बंद घर

१९५०चं दशक सरत आलंय. सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुत्रा गावात, एका मातीच्या घराच्या अंगणात तुम्ही उभे आहात. छत्तीसगड राज्य व्हायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात मोडतो. तुम्ही कुणाला दिसत नाही, हे बरंच झालं. या घरात परकं माणूस सोडाच, शेजारणीलाही येऊ देत नाहीत. नवऱ्याने बायकोला बाहेरच्या जगापासून तोडलंय आणि हे पंधरा वर्षं चालणार आहे.

ती बाई म्हणजे सोनाबाई रजवार. पदराशी लहान मुलगा, दरोगाराम. खेळायला सवंगडी नाही, म्हणून ती त्याला मातीची खेळणी करून देते. आत्ताही तिचे हात चिखलातच आहेत.

जवळ जाऊन बघा. ती बांबूच्या पातळ कामट्या काढते, एकेक वाकवून तिचं कडं करते, कड्याला कडं बांधत नेते. बुरडाच्या हातात याची टोपली झाली असती. इथे मात्र त्या सांगाड्यावर ओली माती चढते, वाळते, पुन्हा चढते. चाक नाही, भट्टी नाही; माती कच्चीच राहणार. आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीतही काठ्या आणि माती असतात, पण कूड सगळं झाकून टाकतो. सोनाबाई भोकं मोकळी ठेवते. खांबांमध्ये जाळी उभी राहते आणि कोंदट घरात वारा खेळू लागतो, जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात. मग जाळीच्या गोलांत मातीचे पक्षी येऊन बसतात, माकडं, साप, ढोल वाजवणारी माणसं. रंग स्वयंपाकघरातल्या मसाल्यांचे, पानांचे.

ही जाळी तिला कुणी शिकवली? कुणीच नाही. रजवार समाजातल्या बायका घरं लिंपतात, भिंतींवर उठावाची नक्षी काढतात, एवढं तिने लहानपणी पाहिलेलं. पुढचं सगळं तिचं.

आता १९८३मध्ये या. भोपाळचं भारत भवन वर्षापूर्वीच उघडलंय. चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तिथली माणसं खेडोपाडी आदिवासी आणि लोककलावंतांचा शोध घेताहेत. ती या दारातही येतात. त्याच वर्षी सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. पुढे इतरांना शिकवायचं कामही त्यांच्याकडे येतं, आणि जाळी गावातल्या दुसऱ्या घरांतही दिसू लागते. दरोगाराम आणि त्यांची पत्नीही हेच काम करू लागतात. २००७मध्ये सोनाबाई गेल्या.

त्यांच्याविषयी लिहिताना एकांतानेच त्यांना घडवलं, असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. त्या जाळीचं श्रेय सोनाबाईंनाच द्या. त्यांना कोंडणाऱ्याला त्यातलं कवडीभरही देऊ नका.