डार्विनचे कच्चे खर्डे

निबंधाच्या तासाला फळ्यावर विषय लिहिला जातो, मुले वह्या उघडतात आणि तास संपायच्या आत निबंध पुरा होतो. शिक्षक लाल शाईने शुद्धलेखनाच्या चुका दाखवतात, गुण देतात आणि वही परत जाते. यातून मुलांची एक समजूत पक्की होते. ज्याला लिहिता येते त्याला पहिल्याच झटक्यात चांगले लिहिता येते. खाडाखोड करावी लागणे म्हणजे लिहिता न येणे. विज्ञानाच्या इतिहासातील एका थोर ग्रंथाची जन्मकथा ही समजूत साफ खोडून काढते.

चार्ल्स डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात मात्र २२ वर्षे आधीची आहे. सजीवांच्या जाती बदलतात का, या प्रश्नासाठी डार्विनने जुलै १८३७ मध्ये एक स्वतंत्र वही घातली. तिच्यात तुटक वाक्ये, शंका, वाचनातल्या नोंदी आणि फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक वेडीवाकडी आकृती आहे. एका पूर्वजापासून अनेक जाती कशा निघतील, याचा तो कागदावर केलेला विचार होता. लेखनाची ही पहिली पायरी म्हणजे जमवाजमव. येथे सुबक वाक्यांची अपेक्षाच नसते.

१८४२ मध्ये त्याने आपल्या उपपत्तीचा ३५ पानांचा खर्डा पेन्सिलीने लिहिला. १८४४ मध्ये त्याचा विस्तार सुमारे २३० पानांचा झाला. आपला अकाली मृत्यू झाल्यास तो छापून घ्यावा, असे पत्र त्याने पत्नी एमासाठी लिहून ठेवले आणि त्यासाठी ४०० पौंडांची तरतूदही सुचवली. १८५६ मध्ये त्याने मोठा ग्रंथ लिहायला घेतला. दहा प्रकरणे झाली असतानाच, जून १८५८ मध्ये, आल्फ्रेड रसेल वॉलेसचा लेख टपालाने आला. त्यात नैसर्गिक निवडीची तीच कल्पना होती. मग डार्विनने मोठा ग्रंथ बाजूला ठेवला आणि त्याचा संक्षेप करायला घेतला. तो संक्षेप म्हणजेच 'ओरिजिन'. लेखनाच्या पायऱ्या सरळ वर जाणाऱ्या जिन्यासारख्या नसतात; कधी खाली उतरून पुन्हा चढावे लागते, हे येथे दिसते.

डार्विनने आत्मचरित्रात आपली पद्धत सांगितली आहे. मोठ्या पुस्तकासाठी आधी दोन-तीन पानांचा ढोबळ आराखडा, मग तो वाढवून अनेक पानांचा, मग मुद्द्यांची अदलाबदल आणि त्यानंतर सविस्तर लेखन. पूर्वी तो प्रत्येक वाक्य विचार करून लिहीत असे. पुढे त्याला आढळले, की गिचमिड अक्षरात, निम्मे शब्द संक्षेपाने लिहून, पाने भराभर लिहून काढावीत आणि सावकाश दुरुस्ती करावी, हेच बरे. अशी वाक्ये पुष्कळदा अधिक चांगली उतरत.

दुरुस्ती त्याने एकट्याने केली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने हस्तलिखित शास्त्रीय दृष्टीने तपासले. जॉर्जिना टॉलेट या परिचित बाईंनी भाषा कोठे दुर्बोध झाली आहे ते पाहिले. म्हणजे आशयाची तपासणी वेगळी आणि भाषेची वेगळी. हूकरकडे तर गंमतच झाली. हस्तलिखिताचा काही भाग चुकून मुलांच्या चित्रकलेच्या कागदांत गेला आणि त्यातला काही नाहीसा झाला! मुद्रितांवरही डार्विनने इतके बदल केले, की जादा खर्च सोसण्याची तयारी त्याने प्रकाशक जॉन मरे याला कळवली.

छापल्यानंतरही काम संपले नाही. १८७२ पर्यंत सहा आवृत्त्या निघाल्या. त्यांची तुलना करून मोर्स पेकहॅम यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की पहिल्या आवृत्तीतील ३,८७८ वाक्यांपैकी सुमारे ७५ टक्के वाक्ये पुढे एक ते पाच वेळा बदलली गेली. 'बलिष्ठ अतिजीविता' म्हणून आपण शिकवतो ती संज्ञासुद्धा पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये आली. ती मुळात हर्बर्ट स्पेन्सरची.

पाचवी ते आठवीच्या वर्गात याचा उपयोग कसा करावा? एकच विषय चार तासांना वाटून द्यावा. पहिल्या तासाला फक्त निरीक्षणे व शंका टिपाव्यात. शाळेच्या आवारातील एखादे झाड याला पुरते. दुसऱ्या तासाला क्रम लावून, न थांबता कच्चा खर्डा लिहावा. तिसऱ्या तासाला शेजारच्या मुलाने तो वाचून कोठे कळले नाही एवढेच सांगावे आणि लेखकाने बदल करावेत. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि पक्की प्रत चौथ्या तासाला. शुद्धलेखन महत्त्वाचे आहेच. पण उद्या जे वाक्यच गळणार आहे त्याची वेलांटी आज सुधारण्यात अर्थ नाही.

वर्षात अशा रीतीने तीन-चारच निबंध होतील. तेवढे पुरेत. मात्र कच्चे खर्डे फेकू देऊ नयेत. ते पक्क्या प्रतीला टाचून ठेवावेत. आपला विचार पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत कसा बदलत गेला, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. चूक दिसली की मत बदलायचे असते, हा विज्ञानाचा पहिला धडा तेथेच मिळतो.