धुराची वर्दी

वर्गात बी रुजवण्याचा प्रयोग करताना आपण मटकी किंवा हरभरा घेतो. ओल्या फडक्यात बांधून ठेवले की एकदोन दिवसांत मोड येतात. रानफुलांचे बी असेच रुजवायला गेलो की पुष्कळदा निराशा पदरी पडते. उशिरा उगवणारे दाणे शेतीच्या हजारो वर्षांत आपोआप मागे पडले. रानातल्या बियांची अशी निवड झालेली नाही. ओल मिळाली तरी त्या सुप्त राहतात, कशाची तरी वाट पाहतात. कशाची, याचा एक धागा दक्षिण आफ्रिकेत सापडला.

तिथे केप भागात ‘फाइनबॉस’ नावाचे झुडुपी रान आहे. साधारण 10 ते 20 वर्षांनी ते वणव्यात जळते आणि पुढच्या पावसात एरवी क्वचित दिसणारी रोपे तिथे दाटीने उगवतात. आपल्याकडे राब भाजतात तो तणाचे बी मरावे म्हणून. इथे मात्र आगच बी जागवत होती. आगीतले नेमके काय? उष्णता, हे उत्तर पहिल्यांदा सुचते. बाभळीच्या कुळातल्या कठीण टरफलाच्या बियांपुरते ते खरेही आहे. उष्णतेने टरफल उलते आणि पाणी आत शिरते. पण फाइनबॉसमधल्या कितीतरी बिया उष्णता देऊनही रुजत नव्हत्या. वाऱ्यावर उडून जाणाऱ्या धुराचा विचार मात्र फारसा कुणी केला नव्हता.

तो डी लांगे आणि बाउचर यांनी केला. ‘ऑडुइनिया कॅपिटाटा’ या दुर्मीळ झुडपाचे बी धुराने रुजते, हे त्यांनी 1990 साली प्रसिद्ध केले. केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानात मग हे काम वाढले. साधने अगदी साधी: पिंपात पालापाचोळा जाळायचा आणि धूर नळीवाटे तंबूत, बी पेरलेल्या ट्रेंवर सोडायचा. पुढे तर धूर पाण्यातून बुडबुड्यांनी नेला, त्या पाण्यात कागद भिजवून वाळवले आणि ते बागप्रेमींना विकले. असा कागद पाण्यात टाकून त्यात बी भिजवले की काम झाले! पर्थच्या किंग्ज पार्कमधील संशोधकांनी रुजायला अवघड अशा 94 स्थानिक जाती तपासल्या. त्यांपैकी 45 जातींना धूर मानवला, असे त्यांनी 1995 मध्ये नोंदवले. खाणकामाने उघड्या पडलेल्या जमिनीवर मूळचे रान परत आणू पाहणाऱ्यांना ही मोठीच मदत होती.

धुरात हजारो रसायने असतात. त्यांतले कामाचे कोणते, हे 2004 साली कळले. ऑस्ट्रेलियन रसायनतज्ज्ञांनी लाकूडपाल्याऐवजी नुसता गाळणकागद, म्हणजे सेल्युलोज जाळला. त्यामुळे शोध सोपा झाला. सापडलेले रसायन अब्जात एक भाग इतके असले तरी पुरते. पुढे या गटाला ‘कॅरिकिन’ नाव मिळाले. पर्थ परिसरातल्या नूंगार लोकांच्या भाषेत ‘कॅरिक’ म्हणजे धूर. (नाव देताना स्थानिकांची आठवण झाली, हे आम्हाला विशेष आवडले.)

गंमत अशी, की पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मानचिन्ह असलेले ‘कांगारू-पॉ’ हे लाल-हिरवे फूल या शोधाला बधले नाही. त्याचे बी धुराने रुजते, पण शुद्ध कॅरिकिनने नाही. 2011 मध्ये उलगडा झाला: धुरातले ग्लिसरोनायट्राइल हे दुसरे रसायन पाण्यात फुटते, त्यातून किंचित सायनाइड सुटते आणि त्या विषाने हे बी जागे होते.