नाव चोरीला गेले, फिर्यादी कोण?

धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्याच्या नावावर व्यवहार करण्याचा उद्योग मोबाइलबरोबर आला, असे समजायचे कारण नाही. खरेदीखताला खऱ्या मालकाऐवजी भलताच इसम उभा करायची युक्ती दस्तनोंदणीइतकीच जुनी आहे. नवे आहे ते इतकेच की, ज्याचे नाव चोरले गेले त्याच्याकडे कायद्याने थेट पाहिले. तेही फार उशिरा, आणि अजून अर्धवटच, असे माझे म्हणणे आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला मेडोज टेलर तेव्हा इथला डेप्युटी कमिशनर होता. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. त्याच वर्षी मंजूर झालेली भारतीय दंडसंहिता १८६२ च्या जानेवारीत अमलात आली, म्हणजे इथल्या लोकांची तिच्याशी गाठ थोडक्यात हुकली. ती पडली एकदम १९५१ मध्ये, हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर. तोवर संस्थानाची स्वतःची दंडसंहिता होती. पण गाठ आधी पडली असती तरी नाव गमावलेल्याला फार मिळाले नसते. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४१६ मध्ये तोतयेगिरी हा फसवणुकीचाच एक प्रकार होता, आणि फसवला जाई तो समोरचा: पैसे मोजणारा खरेदीदार, कर्ज देणारी बँक. ज्याच्या नावाने सही ठोकली तो माणूस गुन्ह्याच्या व्याख्येत जवळपास येतच नसे. खटल्यात त्याचे काम साक्षीदाराचे, ‘ही सही माझी नव्हे’ एवढे सांगण्याचे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला बंदोबस्तही दस्त सांभाळण्यासाठीच होता. ओळख पटवायला दोन साक्षीदार, शाईच्या पॅडवर टेकवलेला अंगठा, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर फोटो. साक्षीदारच सामील असले की अंगठा तोतयाचा उठायचा आणि दस्त बिनबोभाट नोंदला जायचा.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६क आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खास खूण लबाडीने वापरणे हाच इथे गुन्हा. कार्डाचा पिन ज्याचा, त्याचे नुकसान इथे प्रथमच मध्यभागी आले. यावर वकील मंडळी म्हणतील की दखलपात्र गुन्ह्याची खबर पूर्वीही कोणालाही देता येत होती. कागदावर खरेच. पण ठाण्यात पहिला प्रश्न हद्दीचा. खाते तुळजापूरच्या शाखेत, पैसे काढले परराज्यातल्या एटीएममधून, मग गुन्हा घडला कुठे? शिवाय या कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, म्हणजे छोट्या ठाण्यात आणखी एक अडसर. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर हद्द कोणतीही असो, खबर घेणे भाग पाडले. दार आधीपासून सताड उघडे असते, तर या दोन्हींची गरज काय होती?

दुसरा आक्षेप बँकांचा: ओटीपी स्वतःच सांगितला, मग तक्रार कसली? इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. पैसे कोणी सोसायचे याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा त्रयस्थाच्या लबाडीत तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच नाही. आणि जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. हा हिशेब पैशाचा. कडी न लावता झोपलेल्याच्या घरात शिरलेला चोर त्यामुळे साव ठरत नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करून रक्कम गोठवता येते, पण तेवढ्याने फिर्याद संपत नाही. बँकेचा खातेउतारा, आलेले मेसेज आणि व्यवहार क्रमांक घेऊन गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो.

आणि शिक्षा पाहा. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली जमिनीच्या दस्ताला तोतया म्हणून उभे राहणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद १९०८ ची. पासवर्ड चोरणाऱ्याला २००९ च्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि गुन्हाही जामीनपात्र. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही आणि जे आहे ते खात्यातच, अशा शेतमजुराची चोरी कायद्याच्या लेखी अजून निम्म्याहून हलकी आहे.