घरगुती स्पीकर स्टँड

घरगुती स्पीकर स्टँड म्हणजे बुकशेल्फ प्रकारचे स्पीकर योग्य उंचीवर ठेवण्यासाठी सहज उपलब्ध असलेल्या साहित्यातून घरीच तयार केलेला आधार होय. सिमेंटचे ब्लॉक, लाकूड, प्लायवूड, पीव्हीसी पाइप किंवा जुनी स्टुले यांचा त्यासाठी वापर केला जातो. स्पीकर कानाच्या उंचीवर आणणे, भिंतीपासून दूर ठेवणे व स्थिर धरून ठेवणे ही स्टँडची तीन प्रमुख कार्ये आहेत. ती पार पाडणारा अल्पखर्चिक स्टँडही पुरेसा उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापन केली. विल्चर यांच्या रचनेत हवाबंद पेटीतील हवाच स्प्रिंगचे काम करीत असल्याने तुलनेने लहान पेटीतूनही खालचे स्वर चांगले ऐकू येऊ लागले. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या अशा स्पीकरना पुढे 'बुकशेल्फ स्पीकर' हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात मात्र फळीवर किंवा भिंतीलगत ठेवल्यास खालचे स्वर प्रमाणाबाहेर वाढून आवाज घुमतो.

उंची व जागा

उच्च कंप्रतेचा ध्वनी देणाऱ्या ट्वीटरचा आवाज समोरच्या दिशेस अधिक एकवटलेला असतो. म्हणून ट्वीटर श्रोत्याच्या कानाच्या पातळीवर असणे इष्ट मानले जाते. कानाच्या उंचीतून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचे अंतर वजा केल्यास स्टँडची उंची मिळते. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचे कान जमिनीपासून साधारणतः ९० ते १०० सेंमी उंचीवर असतात. ट्वीटर तळापासून २५ सेंमीवर असल्यास ६५ ते ७५ सेंमी उंचीचा स्टँड लागतो. भारतीय बैठकीप्रमाणे जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांसाठी सुमारे ४५ सेंमी उंची पुरते.

मागील भिंतीवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे काही स्वर क्षीण होतात. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंमी अंतरावर असल्यास हा परिणाम १४० हर्ट्झच्या आसपास जाणवतो. त्यामुळे अंतर कमी-अधिक करून ऐकून पाहणे आवश्यक ठरते.

साहित्य व रचना

* सिमेंटचे ब्लॉक: ४० × २० × २० सेंमी आकाराचा एक ब्लॉक आडवा व त्यावर दुसरा उभा ठेवल्यास ६० सेंमी उंची मिळते. ब्लॉक जड असल्याने सहज हलत नाहीत. दोन्ही ब्लॉक एकमेकांस चिकटवून वर प्लायवूडची फळी बसवतात.
* पीव्हीसी पाइप: ११० मिमी व्यासाचा पाइप वर व खाली लाकडी फळ्यांमध्ये घट्ट बसवून त्यात कोरडी वाळू भरतात. ६० सेंमी लांबीच्या पाइपमध्ये सुमारे ८ किलो वाळू मावते. वाळूमुळे पाइपचा पोकळ नाद दबतो. ओल्या वाळूने लाकूड फुगत असल्याने ती आधी वाळवून घेतात.
* लाकूड: जाड खांब, रुंद तळफळी व वरची फळी स्क्रूने जोडून साधा स्टँड तयार होतो.
* स्टूल: उंची जुळत असल्यास व पाय डगमगत नसल्यास तयार स्टूलही चालते.

कंपन-नियंत्रण

स्पीकर व वरची फळी यांच्यामध्ये रबराच्या चकत्या ठेवल्यास पेटी घसरत नाही व फळीकडे जाणारी कंपने कमी होतात. अणकुचीदार पायांमुळे फरशीवर चरे पडू शकतात. तेथे रबरी पाय अधिक सोयीचे असतात.

सुरक्षितता

स्टँड कोसळणे हा घरगुती रचनेतील सर्वांत मोठा धोका आहे. स्पीकरमुळे गुरुत्वमध्य वर सरकत असल्याने तळ वरच्या फळीपेक्षा रुंद ठेवतात आणि वजन शक्यतो तळाशी घेतात. न चिकटवता रचलेले ब्लॉक लहान मुलांच्या घरात धोकादायक ठरतात. स्पीकर पट्ट्याने स्टँडला बांधणे व वायर पायांत अडकणार नाही अशी खांबालगत नेणे हे साधे उपाय आहेत. वापरापूर्वी स्पीकरइतके वजन वर ठेवून स्टँड सर्व बाजूंनी हलकेच ढकलून पाहिल्यास त्याच्या स्थैर्याचा अंदाज येतो.