जुन्या पिकअपचे इंधनगणित

अमेरिकेतील शेतकरी, सुतार आणि लहान ठेकेदार यांच्या दारात गेल्या शतकाच्या अखेरचे दणकट पिकअप ट्रक आजही उभे दिसतात. आठ सिलिंडरचे, साडेसात लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेला १९९०च्या दशकातील फोर्ड एफ-२५० हे त्यांचे ठळक उदाहरण. गुरांचा ट्रेलर ओढण्यात हे वाहन वाकबगार. मात्र पेट्रोल पिण्यातही ते मागे नाही. गॅलनला (३.७८५ लिटर) दहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वाचार किलोमीटर, हे अ‍ॅव्हरेज अशा ट्रकच्या बाबतीत नवलाचे नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला, तेव्हा नवा ट्रक न परवडणाऱ्यांना या आकड्याची झळ चांगलीच बसली.

येथे एक गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. वर्षाला १२ हजार मैल धावणाऱ्या ट्रकचे अ‍ॅव्हरेज दहावरून बारा मैलांवर गेले, तर १२०० ऐवजी १००० गॅलन पेट्रोल लागते. बचत २०० गॅलनची. तेवढ्याच अंतरासाठी मोटारीचे अ‍ॅव्हरेज ३० वरून ४० मैलांवर नेले, तरी वाचतात केवळ १०० गॅलन. अधिक इंधन खाणाऱ्या वाहनातील लहानशी सुधारणाही म्हणूनच मोलाची ठरते.

सुधारणेचा आरंभ मोजमापाने व्हावा. साडेआठ हजार पौंडांहून अधिक एकूण भारक्षमतेच्या त्या काळच्या ट्रकना सरकारी अ‍ॅव्हरेजचे लेबल बंधनकारक नव्हते. त्यामुळे टाकी पूर्ण भरून, पुन्हा भरेपर्यंतच्या मैलांना लागलेल्या गॅलनने भागणे, हाच खात्रीचा मार्ग.

त्यानंतर दुरुस्ती. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर निकामी झाल्यास इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत राहते. थर्मोस्टॅट उघडा अडकला, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि खर्च वाढतो. झिजलेले स्पार्क प्लग, तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या व घासत राहणारे ब्रेक हेही छुपे चोरच. एअर फिल्टर बदलल्याचा लाभ जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात दिसतो. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात अ‍ॅव्हरेजवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

चालवण्याच्या सवयींना तर खर्च मुळीच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७० मैलांवरून ६० वर आल्यास तो सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी असावी. हौद्यात विनाकारण पडून असलेली अवजारे उतरवावीत आणि उभ्या ट्रकचे इंजिन बंद ठेवावे. मागचे फळकूट खाली सोडून हवा कापली जाते, हा समज मात्र फोल आहे. बंद फळकुटामुळे हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकून जाते.

इंधननळीवर बसवायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून अधिक साधने तपासली. त्यांतील फारच थोड्यांचा लाभ दिसला, तोही किरकोळ. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात महागडे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरणेही व्यर्थच.

इतके करूनही हा ट्रक छोट्या मोटारीची बरोबरी करणार नाही. त्याचे वजन, इंजिन आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर ओझे ओढण्यासाठीच योजलेले आहेत. तेव्हा ओझे असेल त्या दिवशी ट्रक काढावा आणि किराणा आणण्यासाठी दुसरे वाहन वापरावे. सर्वांत मोठी बचत बहुधा तेथेच होते.